हिलालसारख्यांना कॉल कसा करावा

पर्वत पाटियाच्या चौकात खरबुजांच्या हातगाड्या लागल्या, की मला हिलाल आठवतो आणि तोंड कडू होतं. सुरतेत या फळाला टेटी म्हणतात. आम्ही खानदेशी माणसं डांगर म्हणतो, आणि डांगर दिसलं म्हणजे आखाजी आली. बाकीचा महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोनं घेत असेल तर घेवो बापडा. आम्ही त्या दिवशी घागर पुजतो, पितरांना जेवू घालतो, लेकीबाळींना माहेरी आणतो आणि पत्ते खेळतो. शेवटच्या कामाला दचकू नका. ते बाकीच्या तिन्हींइतकंच सोवळ्यातलं आहे.

आमच्या गावात आखाजीचे तीन दिवस मारुतीच्या पारामागे सतरंज्या पडायच्या. भर दुपारी, उघड्यावर, सगळ्यांसमक्ष. एरवी पत्त्यांना हात लावला तर चामडी लोळवणारे बाप त्या दिवशी पोरांना शेजारी बसवून रन म्हणजे ओळीनं लागोपाठचे पत्ते, कलर म्हणजे सगळे एकाच जातीचे, ते शिकवायचे. पोलीस पाटील स्वतः पत्ते वाटायचे. पैज चिंचोक्यांची. पलीकडच्या लिंबाला झोके बांधलेले असायचे. त्यावर माहेरवाशिणी गाणी म्हणत इतक्या उंच जायच्या की त्यांच्या पायांचा वारा आमच्या पत्त्यांना लागायचा. कढईतल्या सांजोऱ्यांचा वास, झोक्याच्या दोराची करकर आणि सतरंजीवर आपटलेल्या पत्त्याचा फट्‌ आवाज: वैशाखातलं एवढं सुख मला पुढे कुठे भेटलं नाही.

माझे वडील, बापू, पत्ते टाकण्यात पटाईत होते. खेळण्यात नव्हे, टाकण्यात. दहा डावांतले नऊ ते बघून पालथे करायचे आणि दहावा उचलून घरी यायचे. संध्याकाळी त्यांच्या टोपीत गावभरचे चिंचोके असत. आरडाओरडा करून सगळे चिंचोके एकदम पुढे लोटणाऱ्या माणसाकडे ते ज्या नजरेनं बघत, ती नजर मी जशीच्या तशी उचलली. शेतीत माझा हिस्सा दोन बिघ्यांचा. ही नजर मात्र मला अख्खी मिळाली.

पुढे सुरतेत आलो, पलसाण्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये तपासणी खात्यात लागलो. खालून दिवे लावलेली काच असते, तिच्यावरून साडीचं कापड पळत जातं, आणि पळत्या कापडातला तुटलेला धागा, रंगाचा ठिपका, छपाईचा सरकलेला मोर पकडायचा असतो. सव्वीस वर्षं मी तेच करतोय. माणसंही मला तशीच दिसतात, काचेवरून पळताना, खालून दिवा लावलेली. मग मोबाइलवर पोकर आलं तेव्हा मला वाटलं, देवानं हा खेळ माझी आठवण ठेवूनच बनवला.

पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा शिकून आलेला चुलतभाऊ. हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांच्या सामाईक मालकीचे पाच, त्यातून ज्याचे पाच भारी तो जिंकला. मी खेळायचो त्या ॲपवर पैशाचं काम नव्हतं. रोज सकाळी फुकट चिप्स मिळायच्या, आमच्या चिंचोक्यांसारख्या. आणि फुकट मिळालं की माणूस कसा उघडा पडतो ते बघायचं असेल तर तिथे जावं. कुणी ‘वराछा किंग’, कुणी ‘डॉन’, कुणी नुसताच वाघाचा फोटो. हे लोक पहिल्याच डावाला पुढ्यातलं होतं नव्हतं ते सरकवतात. याला ऑल-इन म्हणतात. हातात काय? दुर्री आणि सत्ती. विचारावं, का रे बाबा? तर उत्तर म्हणून नाचणारं माकड पाठवतात. घरी बायकोला ‘भाजी काय करू’ याचं उत्तर द्यायला ज्यांना पाऊण तास लागतो, ते इथे दीड सेकंदात सर्वस्व लावतात. मी अशांचा मनापासून तिरस्कार करतो, आणि तो करताना मला कमालीचा आनंद होतो, हेही कबूल करतो.

पण या मूर्खांनी एक अवघड प्रश्न उभा केला होता. समोरच्यानं सगळं लोटलं तर आपण काय करायचं? तेवढंच लावून ‘दाखव’ म्हणायचं, म्हणजे कॉल करायचा, की पत्ते टाकून द्यायचे? शहाण्या माणसाची मोठी पैज समजते. त्याच्या हातात काहीतरी असतं. येड्याच्या पैजेला अर्थच नसतो. दरवेळी भिऊन टाकले तर तो तुम्हाला रोज नागवतो. चिडून कॉल केला तर नेमका त्याच दिवशी त्याच्या हातात एक्क्यांची जोडी निघते. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. देवाला दुसरा धंदा नाही का, असं अशा वेळी वाटतं. म्हणून मी माझी पद्धत बसवली होती. पत्ते तपासायचे नाहीत, माणूस तपासायचा. पैज किती लवकर आली? मागचा डाव हरलाय का? कॉल करायचा तो शांत डोक्यानं, दया न दाखवता, आपले पत्ते मध्यम असले तरी. असं करून मी पाच महिन्यांत चिप्सचा असा डोंगर रचला होता, की बापूंच्या टोपीत मावला नसता.

या येड्यांतला एक माझ्याच मिलमध्ये होता. छपाई खात्याचा सुपरवायझर, हिलाल. गाव पारोळ्याकडचं. पस्तिशीतला, कपाळावर चढवलेला गॉगल, शर्टाचं वरचं बटण जन्मापासून उघडं. पत्त्यांत जसा, तसाच जगण्यात. एकदा अख्ख्या कॅन्टीनला लस्सी पाजली, कारण काय, तर गुरुवार होता. एकदा एका कामगाराचा पाय मुरगळला, तर यानं आपली मोटारसायकल त्याच्या भावाला देऊन टाकली आणि स्वतः ट्रकच्या केबिनमध्ये बसून घरी आला. मोटारसायकल चार दिवसांनी परत आली, टाकी कोरडी. मी विचारलं, “वाईट नाही वाटलं?” म्हणाला, “गाडी परत उनी ना भाऊ!” अशा माणसाशी काय बोलणार?

पोकर त्याला मीच शिकवलं, हे माझं पाप. पहिल्याच आठवड्यात त्यानं पाच पत्त्यांची रन लावून ऑल-इन केलं आणि मी कलर दाखवून त्याला झोपवला. तो चक्रावला. आमच्या आखाजीच्या तीन पत्तीत रन मोठी, कलर तिच्याखाली. खानदेशात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पोकरमध्ये नेमकं उलटं असतं, कलर रनला खातो. मी कॅन्टीनच्या बाकावर उभं राहायचंच बाकी ठेवलं होतं. “हिलाल,” म्हटलं, “हा गावचा पार नाही. इथे नियम वाचून बसावं लागतं. तुझ्यासारखे लोक डोकं घरी ठेवून येतात म्हणून माझ्यासारख्यांचं भागतं.” त्यानं दोन्ही हात जोडले आणि पुढच्या डावाला पुन्हा ऑल-इन केलं.

आता त्या वर्षीच्या आखाजीची गोष्ट. माझी थोरली बहीण, अक्का, शहाद्याकडे दिलेली. वय अठ्ठावन्न. आई-बापू गेल्यावर तिचं माहेर म्हणजे आमचं अमळनेरजवळचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, आणि ते मी सुरतेहून जाऊन कुलूप काढलं तरच उघडणार. शिवाय रीत अशी, की सासुरवाशीण आखाजीला आपणहून उठून येत नाही. भाऊ मुराळी म्हणून तिला आणायला जातो. अठ्ठावन्न वर्षांची असली तरी सासुरवाशीणच. मागची दोन वर्षं मी गेलो नव्हतो. एकदा मिलचं काम निघालं, एकदा माझंच ऑपरेशन. त्या वर्षी चैत्र लागल्यापासून दर दोन दिवसांनी अक्काचा फोन. सुरुवात पावसापाण्यानं, गुडघ्यांनी, आणि शेवट ठरलेला: “मंग, कवय येस?” कधी येतोस? मी छाती ठोकून सांगितलं होतं, “अक्का, या वर्षी न्यायला येतो म्हणजे येतोच. पिशवी भरून ठेव.” तिनं खरंच भरून ठेवली होती. सून हसते म्हणून कपाटामागे.

आखाजी नेहमी लग्नसराईत येते, आणि लग्नसराईत पलसाण्याचं एकही मशीन थांबत नाही. रजेचा अर्ज घेऊन गेलो तर आत हिलाल आधीच उभा. आमचे मॅनेजर मनसुखभाई काठियावाडी. त्यांनी दोन्ही अर्ज एकावर एक ठेवले आणि वर पेपरवेट ठेवला. “बेमांथी एक जण जाय,” ते म्हणाले. “बेय जशो तो आ साडीओ हुं चेक करीश? तमे बे नक्की करी लो.” दोघंही गेलात तर साड्या काय मी तपासू, एकानंच जा, तुमचं तुम्ही ठरवा.

बाहेर आल्यावर मी हिलालला विचारलं, “तुझं काय काम आहे गावाला?”

“आखाजी शे,” तो म्हणाला, “आखो काय काम पाहिजे?”

या क्षणी मी अक्काचं सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण या माणसापुढे कारण सांगायचं म्हणजे विनवणी करायची. आणि विनवणी कुणाला, तर दुर्री-सत्तीवर ऑल-इन करणाऱ्याला? मी म्हटलं, “आखाजीचा निकाल आखाजीसारखाच लावू. पत्त्यांवर.” त्याचे डोळे चमकले. मला आतून गुदगुल्या होत होत्या. घरी जाऊन मी बायकोला, मंगलाला, बॅग काढून ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला आम्ही कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसलो. दोघांचे मोबाइल, दोघांपुरतं टेबल उघडलेलं, चिप्स सारख्या. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं. आत पंखा गरम हवा इकडून तिकडे नेत होता, आणि सगळ्यावर मिलचा तो ओल्या रंगाचा, वाफेचा वास. हिलाल मुठीनं शेंगदाणे खात होता. पहिले दोन ऑल-इन त्यानं केले. मी पत्ते टाकले. तिसऱ्याला मी थोडा मागे पडलो होतो, पण आत साखर पेरल्यासारखं गोड वाटत होतं. तो उधळतोय. उधळू दे. काचेवरून कापड पळतंय.

मग मला नव्वी आणि दश्शी आली. मध्ये बदामचा गुलाम, बदामची अठ्ठी, चौकटची सत्ती. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम: बांधीव रन, पहिल्या तीन पत्त्यांतच! माझ्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मी जपून पैज लावली, हिलालनं तेवढीच लावली. चौथा पत्ता इस्पिकची पंजी, बिनकामाची. पुन्हा पैज, पुन्हा तो आला. पाचवा पत्ता बदामची दुर्री. तो पडतो न पडतो तोच हिलालचा अंगठा पडला.

ऑल-इन.

मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. इथपर्यंत आलेल्या वाचकानं माझ्या बुद्धीचं कामकाज नीट पाहावं. मी विचार केला: इतक्या घाईनं आलेली पैज म्हणजे शंभरातल्या ऐंशी वेळा थाप. बरं, थाप नसेल तर काय असेल? मध्ये तीन बदाम आहेत. याच्या हातात दोन बदाम असतील तर याचा कलर झाला. समजा, झाला. झाला तर झाला! माझी रन आहे. बापूंच्या शेजारी मांडी घालून बसलेला मी, पोलीस पाटलांनी वाटलेले पत्ते, पंचेचाळीस आखाज्यांचं पुण्य: सगळे एका सुरात म्हणाले, रनपुढे कलर काय?

“काय भाऊ,” हिलाल म्हणाला, “टाकतस का दखतस?”

“बघतो,” मी म्हटलं. “तुझ्यासारख्यांना कॉल कसा करावा ते लोकांना दिसू दे.” आणि अंगठा दाबला. दाबून उभा राहिलो. “रन!” असं ओरडलोही. चहावाल्यानं मान वळवून पाहिलं.

त्याच्याकडे बदामचा राजा आणि बदामची तिर्री होती. चिप्सचा अख्खा ढीग सरसर सरकत त्याच्या बाजूला गेला. मी म्हटलं, ॲप बिघडलं. म्हटलं, नेटवर्क गेलं असेल. म्हटलं, हे सगळे चोर आहेत, उगाच नाही लोक यांना शिव्या देत. हिलालनं मला सगळं बोलू दिलं. मग शेंगदाण्याची सालं फुंकरीनं बाजूला करत अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, “भाऊ, यामां कलर मोठा शे. तुमीच सांगेल व्हतं.”

मूर्खाकडून हरण्याचं दुःख मोठं असतं. मूर्खानं आपली लाज राखणं त्याहून जड जातं. आणि तो तेवढ्यावर थांबला नाही. “तुमले खरंच जानं व्हतं का? मंग जा ना तुमी. मी पुढला सालले जासू.” डाव जिंकून अर्ध्या मिनिटात त्यानं तो उधळूनही टाकला होता! मला त्या क्षणी तो जितका असह्य झाला तितका कधीच झाला नव्हता. मी म्हटलं, “मी हरलेलं दान परत घेत नाही,” आणि मनसुखभाईंकडे जाऊन माझा अर्ज स्वतःच्या हातानं फाडला. काय तो रुबाब! असं वागताना पाठीमागे पडदा पडायला हवा होता. तो पडत नाही, आणि माणसाला घरी जावं लागतं.

घरी मंगला बॅगेत माझे शर्ट भरत होती. मी डाव समजावून सांगितला, पत्त्यांसकट. तिनं ऐकून घेतलं. मग भरलेले शर्ट एकेक करून बाहेर काढले. “त्यानं जा म्हटलं, तरी तुम्ही नाही म्हणालात?”

“त्याचे उपकार घ्यायचे?”

“उपकार तुमच्यावर कुठे होते? अक्काला नेणार होतात ना?” ती म्हणाली. “ती तिकडे पिशवी भरून बसलीय. तिला काय सांगायचं, रन झाली होती म्हणून?”

अक्काला मी फोन केला नाही. मंगलानंच केला. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मंगला नुसती “हो अक्का, हो अक्का” म्हणत होती आणि मी गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगचे मजले मोजत होतो. चारच आहेत. पुन्हापुन्हा मोजले. तिनं नंतर आणखी एक फोन केला होता, तो कुणाला, हे मला विचारायचं सुचलं नाही.

आखाजीच्या दिवशी सकाळी आम्ही गॅलरीतच घागर पुजली. घागरीवर डांगर ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, आई-बापूंच्या नावानं घास टाकला, आणि मी कामावर गेलो. लाल, मोरपंखी, शेंदरी साड्या काचेवरून पळत होत्या. कुणाच्या ना कुणाच्या माहेरी निघालेल्या. दुपारी मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. उचलला तर पडदाभर आकाश, मग लिंबाची फांदी, मग दोर, मग माझी अक्का! नऊवारीचा पदर खोचून, झोक्यावर, दोन्ही हातांनी दोर गच्च धरलेली. मागून एक तरुण बाई ढकलत होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात अर्धा गॉगल दिसत होता.

नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते असं. मंगलाचा दुसरा फोन हिलालला होता. तो आदल्या दिवशी रेल्वेतून घरापर्यंत न जाता वाटेत नंदुरबारलाच उतरला. तिथून एसटीनं शहादा, तिथून कुणाची तरी मोटारसायकल मागून अक्काच्या दारात. “तुमना भाऊनी धाडेल शे,” असं त्यानं सांगितलं. तुमच्या भावानं पाठवलंय. धडधडीत थाप. अक्का आयुष्यात पत्ते खेळलेली नाही, पण ती पुढे मला म्हणाली, “तू असं कुनले धाडनार नही, माले मालूम व्हतं. पन एवढा उन्हामां येल मानूस. त्याले खोटं कसं पाडू?” कपाटामागची पिशवी काढून ती त्याच्याबरोबर निघाली. तीन दिवस पारोळ्याकडच्या त्या घरी राहिली, हिलालच्या बायकोला सांजोऱ्यांचं सारण शिकवलं, त्याच्या आईबरोबर गाणी म्हटली. जाताना त्यांनी तिची ओटी भरली. माझ्या बहिणीची ओटी, आखाजीला, हिलालच्या घरी! हे मी अजूनही मनातल्या मनात चावत बसतो, आणि ते गिळलं जात नाही.

परत आल्यावर तो कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसला. आभार मानावेत असं माझ्या मनात होतं. मी म्हटलं, “एवढ्या उन्हात नंदुरबारला कशाला उतरलास? दोंडाईचाहून जवळ पडलं असतं.” तो म्हणाला, “हा का? माले मालूमच नव्हतं.” आणि हसला.

त्याला आता चार वर्षं झाली. ॲप मी काढून टाकलं. हिलालबद्दलचं माझं मत मात्र मी बदललेलं नाही. तो उधळ्या आहे, उठवळ आहे, आणि त्याच्याकडे नियम नावाची चीज नाही. मधल्या वर्षांत कधी त्याला रजा मिळाली, कधी मला. आणि मला मिळाली तेव्हा मी अक्काला न्यायला गेलोही, आधी आठ दिवस गाड्यांची वेळापत्रकं जुळवून, बर्थ, एसटी, रिक्षा सगळं कागदावर लिहून. ती आली, राहिली, चांगलं झालं. या वर्षी मनसुखभाईंना काय झालं कुणास ठाऊक, आम्हा दोघांनाही रजा दिली. म्हणाले, “जाओ बेय. साडीओ हुं जोई लईश.” साड्या मी बघून घेईन. मी त्याच संध्याकाळी अक्काला फोन लावला. म्हटलं, या वर्षी नक्की, मी न्यायला येतो.

मग अक्का म्हणाली, “तू घर उघडी ठेव. झाडी-पुसी ठेव. माले लेवाले हिलालले धाड.”

“अक्का, तो विचार न करता काहीही करणारा माणूस आहे,” मी म्हटलं.

“हां,” अक्का म्हणाली. “तुना इचार पुरा व्हस तवर आखाजी निंघी जास.”